बर्निसच्या अंगठ्याचे माप

मी, फ्लोरेन्स कुबियाक, वय चोपन्न, राहणार मिलवॉकी, पूर्ण शुद्धीत, बिअरला हात न लावता, कोणी बळजबरी केली नसताना लिहून ठेवते की, माझ्या माघारी माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी. शाळा सहावीपर्यंत झाली, तेव्हा चुका काढत बसू नये.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी भाची डोरीन हिला द्यावी. घराचा मागचा जिना तिने आधी दुरुस्त करावा. तीन वर्षे नुसतेच "करते, मावशी" म्हणते आहे.

२. बोलिंग हॉलशेजारचे दुकान, बोलिंगच्या बॉलला बोटांच्या मापाची भोके पाडायचे मशीन, कानशी आणि मापांच्या कार्डांचा डबा हेही डोरीनचेच. अंगठ्याचे भोक शेवटी हातानेच घासावे. गिऱ्हाईक "सैल कर" म्हणाले तरी आधी दोन डाव खेळून यायला सांगावे. खेळून अंगठा फुगतो, मग खरे माप कळते.

३. माझे माजी यजमान रेमंड यांना काही नाही. त्यांना कारण माहीत आहे.

४. आता माझी धाकटी बहीण, डोरीनची आई, बर्निस. नऊ वर्षांपूर्वी बोलिंग लीगच्या अंतिम सामन्यात ती माझ्याविरुद्धच्या टीममध्ये होती. त्या सकाळी ती सॉसेज कारखान्याच्या थंड खोलीतून थेट दुकानात आली. हात बर्फासारखे. गारठलेला अंगठा बारीक होतो, हे मी रोज लोकांना सांगते. तिला कॉफी देऊन अर्धा तास बसवायला हवे होते. मला घाई होती. तसेच माप घेतले आणि भोक पाडले. शेवटच्या फेकीला अंगठा अडकला, नख उखडले, बॉल पट्टीच्या कडेच्या नाल्यात गेला आणि सामना आमच्या टीमने जिंकला.

"तू मुद्दाम केलंस, फ्लो," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"तुझा अंगठाच बटाट्यासारखा, मी काय करू?" मी म्हणाले.

तेव्हापासून बोलणे बंद. लेकीला माझ्याकडे कामाला पाठवते, स्वतः रस्ता ओलांडून जाते. तर मी शपथेवर लिहिते की मुद्दाम केले नाही, पण चूक माझी होती आणि अंगठ्यात काही खोट नव्हती.

५. बर्निससाठी नवा बॉल घेतला आहे, गडद निळा, चौदा पौंडी. बोटांची दोन भोके जुन्या कार्डावरून पाडली. अंगठ्याचे पाडलेले नाही. नऊ वर्षांत अंगठा बदलतो, आणि चुकीच्या मापाने मी एकदा पाडून बसले आहे. एकोणीस तारखेला माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "बघू" म्हणतात. हे कलम डोरीनने माझ्या मरणाची वाट न पाहता आजच आईला वाचून दाखवावे. बर्निसने अठरापर्यंत यावे. कारखान्यातून थेट येऊ नये. आली तर कॉफी तयार असेल आणि मी घाई करणार नाही. नाही आली, तर बॉल तसाच तिच्या घरी पोचवावा आणि अंगठ्याचे भोक दुसऱ्या कोणाला पाडू देऊ नये.

सही: फ्लोरेन्स कुबियाक

आमच्यासमोर सही केली:
१. ॲल्विन श्रेडर, बोलिंग हॉलचे मॅनेजर
२. मेबल ओडेल, शेजारीण (मी फ्लोला "बहिणीला फोनच कर की" म्हटले, ऐकत नाही)

मिलवॉकी, ११ मार्च १९८७