एका मापाचे फोटो

आई, तुझ्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये मी नोकरीला आहे, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस त्याच्या पाच वर्षांनी लागले. ऑफिसात कम्प्युटरवर बसते, पोरींचे फॉर्म, हजेरी, निकाल सगळं बघते. रोज सोडाल्याहून बसने येते आणि त्याच फाटकातून आत शिरते, जिथून तू पांढऱ्या साडीत, हातात डब्याची पिशवी घेऊन बाहेर पडायचीस. एवढ्या वर्षांत तुला लिहावं असं कधी मनात आलं नाही. आज आलं, कारण महिनाभर चाललेलं एक काम काल संपलं आणि ते सांगावं असं दुसरं माणूस मला आठवेना. माझी लिहायची मराठी अजून तशीच पुस्तकी आहे, तू जिला हसायचीस. घरात मुलं हिंदी बोलतात. मी चिडले की तेवढी मराठी निघते, आणि तीही तुझी वऱ्हाडीच.

काम असं होतं. आमच्या नव्या प्रिन्सिपल मॅडमनी शाळेची वेबसाइट करायला घेतली. त्यात एक पान जुन्या सिस्टर आणि आयांचं. ज्यांनी इथे आयुष्य काढलं त्यांचे फोटो, खाली नाव आणि वॉर्ड. मॅडम म्हणाल्या, "सब एक साइज़ के होने चाहिए. चेहरा बीच में, कंधे तक, बस." मग फोटो यायला लागले. कोणी मोबाइलवर पाठवला, कोणी पाकिटात घालून आणून दिला. कुठलेच दोन एका मापाचे नव्हते. कोणाचा लग्नातला, कोणाचा मथुरेच्या घाटावरचा, कोणाचा नातवाच्या वाढदिवसाचा, तोंडासमोर केक. मी प्रत्येक फोटो उघडायचे, त्यावर चौकोन ठेवायचे, चेहरा मध्ये येईल असा सरकवायचे आणि बाकीचं कापून टाकायचे. ओढून मोठा केला तर माणूस लठ्ठ दिसतो, दाबला तर आजारी, म्हणून कापायलाच लागतं. कापताना जे बाहेर राहायचं ते बघून हात थांबायचा. कोणाच्या तरी खांद्यावरचा नवऱ्याचा हात, मनगटापासून पुढे नाही. एखाद्या सुनेचा अर्धा पदर. एका सिस्टरच्या गळ्यात दोन छोटे हात होते, मागून मिठी मारलेले. ते हात काही केल्या चौकोनाबाहेर जाईनात, आणि मला ते घालवायचेही नव्हते. ठेवले तसेच.

तुला कळलंच असेल मी कुठे येतेय ते. मी तेरा वर्षांची होते, आपण रेल्वे कॉलनीत राहत होतो. स्कॉलरशिपच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता आणि त्यावर फोटो लागणार होता. बाबा रेल्वेच्या लाइनवर कामाला गेले होते, तू ड्युटीवर. मला कोणाला विचारायचं सुचलं नाही. भिंतीवर आपला चौघांचा फोटो होता, भाऊ एक वर्षाचा झाला तेव्हा स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढलेला. तू खुर्चीवर, तुझ्या मांडीवर तो, मागे बाबा आणि बाजूला मी. तो माझ्याकडे कलला होता, डोकं माझ्या हाताला टेकवून. त्या फोटोनंतर पाच महिन्यांत तो तापाने गेला, तीन दिवसांत, तुझ्याच हॉस्पिटलात. त्याचा दुसरा फोटो नव्हता. हे मला माहीत होतं, आई. मी लहान होते म्हणून कळलं नाही असं सगळ्यांनी म्हटलं, तूसुद्धा म्हटलंस, पण मला माहीत होतं. फ्रेमच्या मागचे खिळे मी चिमट्याने काढले आणि तुझ्या शिवणाच्या कात्रीने माझा चेहरा कापला. कात्री अलीकडून सरळ नेली असती तर तो वाचला असता. पण माझी वेणी पुढे आली होती, तिला नवी लाल रिबीन होती, आणि ती मला फोटोत हवी होती. म्हणून मी कात्री वळवली. त्याचा अर्धा चेहरा माझ्या वेणीबरोबर निघून आला. एक कान, एक गाल, एक डोळा. शाळेत बाईंनी बघितलंही नाही, डिंक लावला आणि चिकटवला.

तू संध्याकाळी घरी आलीस. भिंतीवर फ्रेम नाही हे तुला दारातूनच दिसलं. मी उरलेला फोटो वहीत लपवला होता, तो तू मागितलास. कितीतरी वेळ बघत उभी राहिलीस, पायात चपला तशाच. मला वाटलं, आता मारशील. तू नुसतं म्हणालीस, "काऊन कापला व? मले विचारलं असतं तर म्या आनून देल्ला असता ना फोटो." मग स्वयंपाकघरात गेलीस आणि कणिक मळायला बसलीस. मी दारात उभी. तू मळतेयस, मळतेयस, थांबतच नाहीस. कणिक इतकी सैल झाली की पोळ्या लाटता येईनात. त्या दिवशी आपण दोघींनी भात खाल्ला. मतलब, मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन स्टुडिओत गेलीस. स्टुडिओवाल्याने कपाट उघडून दाखवलं. "बहनजी, साल भर के ऊपर के नेगेटिव हम फेंक देते हैं." तिथून शाळेत. मोठ्या बाई म्हणाल्या, फॉर्म अजमेरला बोर्डाच्या ऑफिसात गेले. तू माझा हात धरून परत आलीस आणि मला वाटलं, विषय संपला. तुझ्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी तू सकाळीच कुठेतरी गेलीस, पांढरी इस्त्रीची साडी नेसून, ड्युटी नसताना. संध्याकाळी आलीस ती मला घेऊन पुन्हा त्याच स्टुडिओत. माझे सहा फोटो काढायला लावलेस, छोटे, फॉर्मवर लावायचे. ते आल्यावर पाकीट माझ्या दप्तरात ठेवलंस. "आता फॉर्म आला का यातला लावजो. घरातलं काही कापू नोको." एवढंच. त्यानंतर तू तो विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

त्या दिवशी तू कुठे गेली होतीस ते मला बाबांनी सांगितलं, तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन सगळे जेवून गेल्यावर. बाबांच्या रेल्वेच्या पासावर तू एकटी अजमेरला गेली होतीस. ऑफिस शोधलंस, दुपारपर्यंत बाकावर बसलीस. शेवटी एका बाबूला दया आली, त्याने गठ्ठा सोडून माझा फॉर्म काढला. फोटोवर शिक्का बसला होता, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. तू त्याला म्हणालीस, फोटो सोडवून द्या, मी दुसरा आणून लावते. तो म्हणाला, फोटो काढला तर लड़की का फॉर्म रद्द. तू फॉर्म हातात घेतलास, बघितलास, आणि त्याला परत दिलास. बाबा म्हणाले, "तिनं मले घरी येऊन सांगितलं, त्याचा कान होता, चांगला दिसत होता." एका कानासाठी तू अजमेरला गेलीस आणि माझ्या परीक्षेसाठी तो तिथेच ठेवून आलीस. आणि ती परीक्षा मी पास झाले नाही. नापास झाल्याचं सांगायला मी आले तेव्हा तू माझ्या डोक्याला तेल लावलंस. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मी तुझ्याकडे पाठ करून बसले होते आणि शाळेतल्या मुलींबद्दल बडबडत होते.

मागच्या आठवड्यात चारदीवारीतून, जुन्या शहरातून, एक म्हातारे आले. त्यांची बायको आपल्या हॉस्पिटलात आया होती, प्रसूतीच्या वॉर्डात. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन फोटो काढले आणि टेबलावर हळूहळू मांडले. तिन्हीमध्ये ती घुंघटात. ते म्हणाले, "चेहरा तो किसी में नहीं है, मैडम. घर में बड़े थे, फोटो खिंचती तो पल्लू नीचे. फिर बड़े नहीं रहे, पर आदत रह गई." मी विचारलं, ड्युटीचं ओळखपत्र? ते पुरात गेलं म्हणाले. त्यांना चहा दिला. ते बसून राहिले, मी त्यांच्यासमोरच काम करायला घेतलं. कम्प्युटर आपोआप चेहरा शोधतो आणि चौकोन बसवतो. इथे तो फिरत राहिला, मग लिहून आलं की चेहरा सापडला नाही. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, फोटो नसेल तिथे करड्या रंगाचं, नाक-डोळे नसलेलं डोक्याचं चित्र लावायचं, कम्प्युटरवर तयार मिळतं तसं. मी ते लावलं नाही. हाताने चौकोन ओढला, पिवळा घुंघट मध्ये घेतला, खांद्यापर्यंत, सगळ्यांच्या मापाचा. मॅडम आल्या, बघून म्हणाल्या, "ये क्या है? इसमें तो फेस ही नहीं दिख रहा." मी म्हटलं, "मैडम, इनकी फोटो यही है." मॅडम तरुण आहेत, घाईच्या आहेत, पण त्या म्हाताऱ्यांकडे बघून थांबल्या. "ठीक है," म्हणाल्या, "रहने दो." म्हाताऱ्यांनी वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ डोळे नेले. "हाँ," ते म्हणाले, "यही है." जणू मी विचारलं होतं.

तुझा फोटो मी शेवटपर्यंत मागे ठेवला. तुझ्या कपाटात, साड्यांखाली, तो उरलेला फोटो मला सापडला होता. कापलेली कड तू पातळ कागद लावून नीट केली होतीस. त्यात तू तिशीची आहेस, हसतेयस, आणि एवढं हसताना मी तुला नंतर पाहिलं नाही. तो स्कॅन केला आणि चौकोन ठेवला. चेहरा मध्ये, कंधे तक. खालच्या कोपऱ्यात तो आला, त्याचं कपाळ, उरलेला डोळा. चौकोन वर सरकवला, तर तुझी हनुवटी चौकोनाबाहेर जायला लागली. लहान केला, तर त्याचं कपाळ चौकोनाच्या कडेने कापलं जात होतं. कम्प्युटरवर कापलं तरी मूळ फोटोला काही होत नाही, हे मला माहीत आहे, फॉर्मचे फोटो घेऊन येणाऱ्या पोरींना मीच रोज सांगते. तरी माउसवरचा हात उचलून मी मांडीत ठेवला. मग तुझं ओळखपत्र काढलं, निवृत्तीच्या आधीचं. त्यात तू थकलेली आहेस आणि गालावर गोल शिक्का आहे. तोच लावला. मॅडम म्हणाल्या, "इससे अच्छी नहीं है?" मी नाही म्हटलं.

काल पान सुरू झालं. मी घरी मुलीला दाखवलं. ती आजीकडे बघत राहिली, मग तिने मला विचारलं, मामाचा फोटो आहे का. मी तो उरलेला काढून दिला. तिने अर्ध्या चेहऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "और इधर से कैसे थे?"

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही. ऑफिसच्या कम्प्युटरवर लिहिलंय, तिथेच राहील. मुलीला मी सांगितलं, आजीसारखा होता, हुबेहूब. आई, मी खोटं बोलले. मला आठवत नाही. तू होतीस तोवर तुला विचारता आलं असतं, आणि मी विचारलं नाही.