राकसगोट्यावरचा पहिला घाव

२४ एप्रिल १९७३

सडक राकसगोट्याला येऊन अडली! दुष्काळी कामावरचं एक माणूस त्या धोंड्याला हात लावेना. लहानपणापासून ऐकतोय – राक्षस घोडनदीकाठी गोट्या खेळत होता, त्यातली एक उडून इथे खुटबावच्या शिवारात पडली. तिच्यावर पहिला घाव घालील त्याला पुढची अमावास्या दिसत नाही. म्हणून तर दरसाल शेंदूर.

मुकादम हौसराव सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बन्सी, तुमच्या वस्तीनं देव सोडले न्हवं? मग तूच घाल की पहिला घाव."

घालतो म्हणालो. डोकंच फिरलं होतं.

२६ एप्रिल

परवा सकाळी घाव. आईला सांगितलं तशी भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. बुद्धाची दीक्षा घेतली त्या साली हिनेच देव्हारा उचलून नदीत सोडला होता! आणि आता म्हणते, दुसऱ्या कुणाला तरी करू दे. मी चिडलो, नको ते बोललो. माघार घेतली तर सगळ्या वस्तीचं हसं होईल, हे तिला कळत नाही का?

तिने वाद घातला नाही. फक्त विचारलं, "पयलाच घाव बाधतो ना रं?"

२७ एप्रिल

भीती वाटते. मॅट्रिक झालेला माणूस मी, आणि भीती वाटते. इथेच लिहितो, सांगणार कुणाला?

२८ एप्रिल

फुटला! अख्खा गाव लांब उभा. जवळ गेलो तर शेंदरासकट एक टवका आधीच उडालेला, आत कोरा काळा दगड. पोरांची खोडी असेल म्हटलं आणि घण हाणला. दुपारपर्यंत छिन्न्या ठोकून दोन फाका केल्या. हौसराव निघून गेले. फार बरं वाटलं.

आईचा अंगठा सुजलाय. पाट्याखाली चेंगरला म्हणते.

१ मे

आज अंगठ्याला हळद लावताना बघितलं – नखाच्या कडेला शेंदूर. विचारलं तर खाली बघून म्हणाली, "आदल्या दिशी समदी जेवाया बसली तवा जाऊन आले. पयला घाव माझा हाय. तुला आता काई न्हाई."

मी हे मानत नाही. उद्या अमावास्या आहे. आईला आज कामावर जाऊ दिलं नाही, मीही गेलो नाही. दारातच बसून आहे.