ठमी वर्गात बोलत नाही

ता. ६ ऑगस्ट

चि. चिमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही. आज लिहितोय, कारण मला भांडायचं आहे आणि तू त्याच खात्यातली आहेस.

ठमीच्या बालवाडीतून एक कागद आला. मुलांची सामाजिक आणि भावनिक वाढ म्हणून बारा प्रश्न. इतरांबरोबर खेळते का, आपला नंबर येईपर्यंत थांबते का, हवं ते मागते का, कुणी रडत असेल तर जवळ जाते का. थांबण्यापुढे ‘नेहमी’, बाकी अकरा ठिकाणी ‘नाही’. बाईंनी बोलावून सांगितलं, की दोन महिन्यांत ठमीने वर्गात तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. तपासणी करून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी मोठ्या गटात बसवणं अवघड जाईल. चार वर्षांची पोर आणि नापास. घरी तर आईपाशी झोप लागेपर्यंत वटवट चालू असते.

मी बाईंना म्हटलं, की मी घड्याळं दुरुस्त करतो, पण झाकण न उघडता बिघाड सांगत नाही. तुझी वहिनी म्हणते, मी जरा जास्तच बोललो.

तू रोज मुलंच तपासतेस. भाची ठीक आहे, एवढं एका कागदावर लिहून पाठव. म्हणजे विषय मिटला.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया आहे तेवढी ठेव.

तुझा,
दादा


ता. १२ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

कागद मिळणार नाही. आत्याच्या डोळ्यांना भाचीचं सगळं गोडच दिसतं, म्हणून आमच्याकडे नात्यातलं मूल दुसऱ्याच्या हाती देतात.

तपासणीत कुणी नापास होत नाही रे. मुलाला कुठे हात द्यायला हवा, तेवढं कळतं. एका जागी बोलणारं मूल दुसऱ्या जागी दोन महिने गप्प, हे बाईंनी कळवायलाच हवं होतं. कळवलं नसतं तर मी त्यांच्यावर चिडले असते. अकरा ‘नाही’ मात्र मलाही पटत नाहीत.

तू असं कर. आधी बाईंची माफी माग. मग परवानगी घेऊन तीन सकाळी वर्गाच्या कोपऱ्यात बस आणि दिसेल ते लिही. लाजते, हट्टी आहे, असलं काही लिहायचं नाही. ते तुझं मत झालं. काय केलं, कुणाजवळ, किती वेळ, एवढंच. आणि तिला ‘बोल ना’ म्हणून अजिबात टोचू नकोस. दहा वेळा बोल म्हटलं, की आहे ते तोंडही मिटतं.

पाहुणे आले की तू कपाटामागे जाऊन उभा राहायचास, हे आई सगळ्यांना सांगायची. मी विसरलेले नाही.

राग आला तरी लोभात कपात करू नकोस.

तुझी,
चिमी


ता. २५ ऑगस्ट

चि. चिमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माफी मागितली. बाईंनी बसायला मुलांची खुर्ची दिली. तीन सकाळी गुडघे कानाशी घेऊन बसलो. वहीत लिहिलंय ते असं.

सोमवार. आई गेली म्हणून एक मुलगा रडत होता. ठमी त्याच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या बुटाचा सुटलेला पट्टा लावला, आणि तो थांबेपर्यंत उठली नाही. बोलली नाही. बाईंना वही दाखवली, तर त्यांनी आपणहून तिथला ‘नाही’ खोडला. तीस मुलांत हे माझ्या नजरेतून निसटलं, म्हणाल्या.

मंगळवार. दोन मुलींनी खेळायला बोलावलं. मान हलवली, गेली नाही. भिंतीला टेकून पंचवीस मिनिटं उभी. हे लिहावंसं वाटत नव्हतं, तरी लिहिलं.

बुधवार. मुलं टेबलाभोवती मणी ओवत होती. ठमी टेबलाशी आली आणि तिने स्वतःच्या तोंडावर तळहात घट्ट धरला. शेजारची हसली, तसा हिने दुसरा हात तिच्या तोंडावर ठेवला.

चिमे, मी उठून बाहेर आलो. तुझी वहिनी रुग्णालयातल्या कामावरून सुटेपर्यंत, दुपारभर, पोर माझ्या दुकानात असते. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ती खो खो हसली आणि एका नाजूक घड्याळाचा स्क्रू उडाला. तेव्हा मी ओरडलो होतो, की बारीक काम चालू असेल तिथे तोंड उघडायचं नाही, नुसत्या श्वासानेही सगळं वाया जातं. ती ते अजून पाळतेय. आणि बालवाडीत सगळी कामं बारीकच.

आता काय करू ते लिही. लवकर लिही.

तुझा,
दादा


ता. ३० ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

सगळा दोष त्या स्क्रूवर ढकलू नकोस, आणि स्वतःवरही नको. नवी जागा, बुजरा स्वभाव, त्यात तो ओरडा; सगळं मिळून झालं असेल. पण तोंड बंद कर म्हणणाऱ्यानेच आता चुकलो म्हणायला हवं. ते सांग, आणि मग वाट बघ. तपासणी मात्र करायचीच. तुमच्या भागात माझी एक मैत्रीण हेच काम करते, पत्ता मागे लिहिलाय. ती मुलांबरोबर जमिनीवर बसते.

तुझा मंगळवार मी दोनदा वाचला. रोज आईबापांकडे मी हेच मागते, जे दिसतं ते लिहा म्हणून. किती मोठं मागते, ते आज घरातल्याने दिलं तेव्हा कळलं.

ठमीला पापा, वहिनीला नमस्कार, आणि तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

तुझी,
चिमी


ता. २० ऑक्टोबर

चि. चिमीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ठमीला दुकानातच सांगितलं, की बाबाचं चुकलं, कुठेही बोललं तरी चालतं. तिने विचार करून विचारलं, की स्क्रू सापडला का. नाही म्हटलं. मग ज्यांचं घड्याळ होतं त्या बाई तुला ओरडल्या का. म्हटलं, नाही, दुसरा बसवून दिला. तेवढं ऐकून ती चित्र काढायला लागली. दुसऱ्या दिवशी काही जादू झाली नाही.

तुझी मैत्रीण तासभर तिच्याबरोबर ठोकळे रचत बसली. बाकी वाढ वयाप्रमाणे आहे, परक्यांत मोकळं व्हायला मदत लागेल, म्हणाली. दर गुरुवारी जातो. बाई आता तिला घोळक्यात सोडत नाहीत, एकाच मुलीबरोबर बसवतात. त्या मुलीच्या कानात ठमी कुजबुजते. मोठ्या गटाचं वर्षअखेरीला बघू. मला घाई राहिलेली नाही.

काल मात्र एका गिऱ्हाइकापायी मला पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. सगळी मुलं गेली होती. ठमी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून उठली आणि बाईंसमोर, मदतनीस मावशींसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली, की सगळ्यांचे बाबा आले, तू आला नाहीस, मला रडू आलं आणि मला तुझा राग आलाय. त्या वर्गाने ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य.

माझीच चूक होती. मी खाली बसलो आणि अजून काय काय वाटलं ते विचारलं. ती घरापर्यंत सांगत होती.

सवड काढून ये, आम्ही तिघं वाट बघतो.

तुझा,
दादा