अस्वल दिसलंच नाही

रविवार, संध्याकाळ

आज आईसंग जंगल सफारीत गेली होती. व्हीलचेअरसाठी नवा रॅम्प बनवला म्हणून. रॅम्प खरंच चांगला आहे, आईले माही खुर्ची ढकलाले काहीच त्रास नाही झाला. पण वर अस्वल पाहाच्या मचाणावर गेलो तर समोर पत्र्याचा कठडा. उभ्या माणसाच्या कमरेइतका, अन् खुर्चीत बसून माह्या बरोबर डोळ्यासमोर. सगळे "भालू, भालू!" ओरडून राहिले होते अन् मी पत्रा पाहून राहिली होती. बाजूच्या पोट्ट्याले त्याच्या बापानं खांद्यावर घेतलं. मी सोळा वर्षांची घोडी, मले कोण उचलंल?

तिथल्या गाईड भैयानं विचारलं, "दीदी, मजा आया?" मी म्हटलं, "हव." काहून म्हटलं? शाळेत वरच्या वर्गाले जिना होता, तेव्हा बाबानं विचारलं, "घरीच राहतं का?" तेव्हाही असंच हव म्हणून शाळा सोडली.

आईनं खुर्ची वळवली. तेव्हा कसं काय तोंडून निघालं, "भैया, एक बार यहाँ बैठ के देखो ना."

तो हसत हसत माह्या बाजूले उकिडवा बसला. मग हसणं थांबलं. "अरे, यहाँ से तो पतरा ही दिखता है. साहब को बोलूँगा, जाली लगवा देंगे."

आई म्हणे, चल आता. मी भैयाले विचारलं, "कब?"