मध्यंतरात न केलेला फोन

अहो,

देवापुढे बसून लिहिते आहे, म्हणजे खोटं लिहवणार नाही. पत्र पोथीतच राहील.

आज रेडिओवर तुमच्या समालोचनाचा शेवटचा फुटबॉल सामना. सासूबाई गेल्या त्या दिवशी नंदुरबारच्या घरचा फोन बंद होता, असं तुम्ही अठ्ठावीस वर्षं मानत आलात. फोन चालू होता. तुमच्या सामन्याच्या मध्यंतरात मी तो लावला असता, तर तुम्ही त्यांचा आवाज शेवटचा ऐकला असतात. पण रेडिओवर तुमचं समालोचन ऐकत त्या म्हणाल्या, "त्याले नको सांगू. रडत रडत काय बोली तो? खेळ सरू दे." मी त्यांचं ऐकलं, फोन केला नाही. दुसऱ्या गोलला तुम्ही ओरडलात, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

तेव्हापासून दर सामन्याआधी फोन करता. मघाशीही विचारलंत, "घरी सगळं बरं ना?"

"बरं आहे," म्हटलं. "तुम्ही बोला."

तुमची,
चारुलता