नेट गेल्याच्या वेळा

४ ऑग., सोम.
वैशूची मुलाखत मधेच तुटली. घरी बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम आहे, मुलाखतही लॅपटॉपवरच. पूजा आटोपून घरभर फेरी मारून आली, तर पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडत होती. १०.२० ले समोरच्या मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राह्यलं म्हणे, मग सगळं बंद.
हे म्हणाले, "टॉवरच बेकार आहे पोंभुर्ण्याचा." पण नेट वै.च्या मोबाइलचं, अन् मोबाइलवर ते चालू होतं. लॅपटॉपच पकडत नव्हता. मैत्रिणीचा जुना लॅपटॉप, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. फुकट मिळते म्हणाली, म्हणून मले पटलं होतं. आता वाटते, फुकटचं म्हणूनच...

५ मंगळ.
वै. चंद्रपूरले जाऊन आली. दुकानदार म्हणे वाय-फायचं कार्ड खराब. बोटाएवढी पट्टी, बदलून आणली. रात्री छान चाललं. कंपनीने शुक्र. ११ ले परत बोलावलं, ही शेवटचीच संधी असं लिहिलं आहे. महाकालीले नारळ बोलली.

६ बुध.
कार्ड नवं, तरी पुन्हा गेलं! मी हबकलीच.
वै. म्हणाली, "आई, तू सगळंच लिहून ठेवते ना, मग हेही लिही. नेट कधी गेलं अन् तेव्हा घरात काय चालू होतं."
स. १०.१५ – पूजा झाली होती. मिक्सर बंद.
दु. ३ – झोपून उठली.
सं. ६.४० – देवाजवळ दिवा लावला.
वै. वाचून हसली, "म्हणजे देवच नेट तोडून राह्यला काय?"
मले नाई आवडलं. कान धरले.

७ गुरु.
पूजा झाली. नेहमीसारखी बटनं बंद करत ओसरीवर आली. पंखा, लाइट, मग खालचं बटन. वळली नाई तोच आतून वै. ओरडली, "गेलं!"
परत बोर्डाकडे पाह्यलं.
आतल्या खोलीचा प्लग जळला तेव्हापासून तिचा चार्जर ओसरीच्या बोर्डात, वायर दाराखालून आत. बॅटरी भरली असेल, कशाले वीज जाळायची, म्हणून मीच बंद करते, तासाभराने मीच चालू. पूजेनंतर. झोपून उठल्यावर. दिवा लावायच्या आधी.
चालू केलं. "आलं गं आई!" बंद केलं. लगेच गेलं.
म्हणजे सोमवारीही मीच. देवा.
दिवसभर त्या बटनाले हात नाई लावला.

सं. – सांगितलं. वै. पाहातच राह्यली. "तू?" एवढंच. मग म्हणाली, बॅटरीवर गेलं की लिनक्स वीज वाचवायले कार्डाले झोपवते. "तुझ्यासारखंच आहे ते." हसून म्हणाली का रागाने, कळलं नाई. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं. "आता नाई झोपणार. कर बंद बटन."
माझा हात उठेना. तिनेच येऊन केलं. अर्धा तास टिकलं.
"पण उद्या तू बोर्डाले हात लावू नको."

८ शुक्र.
पूजा लवकर केली. आज एकही बटन बंद नाई केलं, रिकाम्या ओसरीत पंखा फिरून राह्यला. बोर्डाखाली पाट टाकून बसली, वही घेऊन. कोणी हात लावायले नको.
११.०० – सुरू झालं. आतून वै.चा आवाज, "येस मॅम."
११.२० – पंखा थांबला. बटन पाह्यलं, चालूच आहे. मी नाई केलं. अख्ख्या गल्लीची लाइन गेली.
वै. बोलून राह्यली. बोल माय, बोल.
११.२४ – आवाज थांबला. मॅडम काही विचारत असेल, वै. ऐकत असेल. नाहीतर...
दारापर्यंत गेली. कडीवरून हात काढला, परत येऊन बसली.
११.२६ – अजून काही नाई.