पायाखालची चिंधी

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ बघून दचकू नकोस. पत्राची सुरुवात अशी करतात एवढं शिकले आणि शाळा सुटली, त्यामुळे दुसरं काही येत नाही. दोघा भावांत घराची वाटणी झाली, मधल्या दाराला खिळे ठोकले, तेव्हापासून जिन्यात समोर आलीस तरी तू मला ताई म्हणत नाहीस आणि मी तुला काहीच म्हणत नाही. म्हणून हे लिहायची वेळ आली. अक्षराला हसायचं नाही.

मुद्द्याचं बोलते. माझ्या शिलाई मशीनला कुणीतरी हात लावतंय.

दुकानदाराने माझा उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा परत पाठवला ते तुझ्या कानावर आलंच असेल. सासूबाई दोन्ही घरांत चहा पितात, तेव्हा तुला काय कळायचं राहतंय? वरून टीप बरी, पण कापड उलटलं की खाली दोऱ्याची नुसती जाळी, मध्ये मध्ये टाके सुटलेले. पुढचा गठ्ठा असा आला तर काम दुसरीला देईन, असं तो तोंडावर म्हणाला. तुला चार गोष्टी येतात. मला हे एकच येतं, आणि हे गेलं तर घरात बसून भिंतीकडे बघायचं. मेकॅनिक बोलावला. त्याने तेल घातलं, चहा घेतला, मशीनला काही झालेलं नाही म्हणाला, आणि बिघाड माझ्यातच असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मग मी दोरा बदलला. ताणाची चकती आधी घट्ट केली, मग सैल केली. जाळी काही हटली नाही.

आणि एक दिवस बाजारातून येऊन बसते तर काय, टीप दोन्ही बाजूंनी सारखी, ओळीत. दुसरी कुणी असती तर देवाला हात जोडले असते. माझ्या मनात पाल चुकचुकली. मशीन आपोआप बिघडेल, आपोआप सुधारेल कशाला? वाकून बघितलं. सुई नवी. मी तर मोडल्याशिवाय सुई बदलत नाही. सुईखालच्या पट्टीतला कचरा झाडून काढलेला. बॉबिनवर दोरा एकसारखा भरलेला, माझ्यासारखा एकीकडे पोट सुटलेला नाही. गंमत म्हणजे दुपारी दोरा तुटला, मी पुन्हा ओवला, आणि जाळी परत हजर. म्हणजे माझ्याच मशीनने माझ्याशी वाकडं घेतलं होतं.

आधी यांच्यावर नजर ठेवली. पण ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण सापडत नाही तो सुई काय बदलणार? सासूबाईंना विचारलं. मला सुईचं नेढं दिसत नाही, मला कशाला विचारतेस, असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. शेजारीण शिंकली तरी सांगायला येणारी बाई गप्प बसली, तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना मशीनच्या चाकापासून ड्रॉवरच्या मुठीपर्यंत एक दोरा बांधून गेले. आले तर दोरा तुटलेला. आणि कापड दाबून धरणारा तो मशीनचा पाय खाली सोडलेला, त्याच्याखाली घडी घातलेली चिंधी. काम झालं की पायाखाली चिंधी ठेवायची सवय या घरात एकीचीच होती. मी तुला तेव्हाही हसायचे, मशीनला थंडी वाजते का म्हणून.

मग काय, माझं डोकंच फिरलं. वाटणीत मशीन माझ्याकडे आलं आणि कपाट तुझ्याकडे गेलं, तेव्हा तू कपाटाकडे बघितलंही नव्हतंस, मशीनकडेच बघत होतीस. मला वाटलं, आता सासूबाईंकडे असते ती माझ्या घराची किल्ली घेऊन हळूहळू कब्जा करतेय. म्हणून अभ्रे तपासायला घेतले, एखादा लांबवला असेल तर रंगेहाथ धरावं म्हणून. सगळे होते. पण ज्या टिपा मी वेड्यावाकड्या घातल्या होत्या त्या उसवून कुणीतरी नव्याने घातलेल्या, कोपऱ्यात मागे-पुढे टाके घेऊन पक्क्या केलेल्या. चोरी करायला आलेला माणूस भांडी घासून जातो का? मला तर आणखीच संशय आला. मनात म्हटलं, हिला हवंय तरी काय? उद्या चार बायकांत सांगायचंय का, थोरलीचं पोट मी भरते म्हणून?

तेवढ्यात तुझ्या दारापाशी पुठ्ठ्याची खोकी दिसली, मोडून, सुतळीने बांधलेली. यांना विचारलं तर म्हणे रद्दी असेल. सासूबाईंचे डोळे लाल, तर म्हणे धूळ गेली. म्हणून काल बाजारात जाते असं मोठ्याने सांगून निघाले, जिना उतरले, चपला हातात घेऊन परत वर आले आणि स्वतःच्याच दाराबाहेर चोरासारखी उभी राहिले. आत मशीन चालू होतं. माझं कसं अडखळत चालतं, कारण मी कापड मागून ओढते. तुझं आपलं एका लयीत. सासूबाई रडत म्हणत होत्या, तिला एकदा सांग तरी, तू गेल्यावर कोण करणार? आणि तू म्हणालीस, “त्या पाय खाली ठेवूनच दोरा ओवतात, आई. पाय वर उचलल्याशिवाय दोरा आत ताणात बसत नाही. एवढंच आहे. पण मी सांगितलं तर ऐकतील का? भांडतील.”

दार ढकलायला हात वर केला होता मी. भांडायलाच. तो तसाच खाली आला. बाजारात गेले, काही न घेता परत आले. रात्री यांना धरलं तेव्हा ओकले सगळं. भाऊजींना दुसऱ्या गावी काम लागलंय, सामान या आठवड्यात हलणार. घरातल्या भिंतींनाही माहीत होतं, मला तेवढं नाही.

मला वाईट वाटलंय असं समजू नकोस. खोकी बांधायला माझ्याकडे सुतळी आहे, तुझी ती कुजकी आहे. लिहायचं कारण वेगळंच. आज पुन्हा बाजारात जाते म्हणून ओरडले आहे, तेव्हा तू येशीलच. चिंधीच्या जागी पायाखाली हा कागद सापडेल. मी बाजारात गेलेली नाही. आतल्या खोलीत बसलेय, पक्कड घेऊन, त्या मधल्या दारापाशी. दोन खिळे निघालेत, बाकीचे गंजलेत. मशीनमध्ये दोरा मी ओवलाय, पाय वर उचलून. एक पट्टी शिवून बघ आणि उलटी बाजू तपास. जाळी दिसली तर हाक मार. नाही दिसली तरी मार.

तुझीच,
भांडकुदळ थोरली